काळ्या खिडकीचे काका

"मी हात मागे बांधलेत. आता मशीन तुमच्या ताब्यात," काका म्हणाले.

समोर बसलेल्या सिस्टर हसल्या. त्यांना वाटलं, काका गंमत करताहेत. पण काकांनी खरंच दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत अडकवली होती. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा लिनक्स मित्रमंडळाचा नियम होता. मंडळ म्हणजे आता एकटे काकाच, त्यामुळे नियम मोडायलाही दुसरं कुणी नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली दर शनिवारी तीन ते पाच मंडळाला मिळायची. दुकानदारांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर घेऊन लोक यायचे आणि त्यांवर लिनक्स घालायला शिकायचे. कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, जुन्या मशीनलाही झेपणारी. एके काळी खुर्च्या खालून आणाव्या लागत. मग शिकवणारे नोकऱ्यांत आणि संसारात पांगले आणि शिकणाऱ्यांना मोबाईलवर उत्तरं मिळायला लागली. उरले काका, मीटर दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले. पडद्यावरच्या ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे, तिच्यावर त्यांचा फार जीव, म्हणून ते काळ्या खिडकीचे काका. आणि मंडळाची गोम अशी, की ज्याला नीट शिकवलं तो पुन्हा फिरकत नसे.

आज किल्ली देताना ग्रंथपालबाईंनी विषय काढलाच होता.

"रागावू नका काका, पण मागचे पाच शनिवार वहीत तुमची एकट्याचीच सही आहे. पुढच्या शनिवारी येणाऱ्या कुणाचं एक तरी नाव आज लिहून द्या. नाहीतर खोली शिवणवर्गाला द्यावी लागेल."

"शिवणाला किती येतात?"

"अठरा."

काकांनी किल्ली उचलली आणि जिना चढले.

आणि साडेतीनला या सिस्टर आल्या. हातात बिजागरीला चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप, खांद्याला डब्याची पिशवी. बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता.

"दुकानवाला म्हणाला, याचे दिवस भरले. मी म्हटलं, असं तर आमचे डॉक्टरही म्हणतात, आणि पेशंट आठ दिवसांनी चालत घरी जातो."

काका कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. खोलीत आपला आवाज एवढा घुमतो हे ते विसरूनच गेले होते.

सिस्टरांचं काम नेटकं होतं. प्रत्येक पायरी आधी करायच्या, मग आपल्या वहीत आकडा घालून लिहायच्या. सव्वाचारला लिनक्स बसलं. फक्त वायफाय दिसेना. जुन्या मशीनचं नेहमीचंच दुखणं. मोबाईल वायरने जोडून तात्पुरतं नेट घ्यायचं, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की काम फत्ते. दहा मिनिटांचा प्रश्न.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्च्यांकडे. ग्रंथपालबाईंच्या वहीत एक नाव हवं होतं, आणि ते नाव समोर बसलं होतं.

"वायफायचं जरा किचकट आहे," ते म्हणाले. "आठवडाभर मोबाईलची वायर लावून भागेल तुमचं. पुढच्या शनिवारी या, तेव्हा बघू."

"चालेल की," सिस्टर म्हणाल्या आणि आपली वही पुढे ओढून त्यांनी लिहिलं: ११. पुढचं काका करतील.

काकांनी ती ओळ दोनदा वाचली.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिला एकच गोष्ट शिकायची होती, परदेशातल्या बहिणीला स्वतःच्या हाताने मेल पाठवायची. ती बसली की काकांना तिचा संथपणा सहन व्हायचा नाही. "सरक जरा," म्हणायचे आणि अर्ध्या मिनिटात काम उरकून मोकळे व्हायचे. ती खुर्चीमागे उभी राहायची. ती गेल्यावर स्वयंपाकघरातल्या खणात एक वही सापडली. 'बहिणीला पत्र पाठवणे. १. बटण दाबणे. २. पासवर्ड घालणे. ३. पाकिटाच्या चित्रावर जाणे. ४. पुढचं यांनी भरभर केलं. दिसलं नाही.' अशी सहा पानं होती, सहा वेगवेगळ्या तारखांची. सगळी चारवर अडलेली. ती पानं आठवली की काकांना आजही स्वतःची लाज वाटे.

"खोडा ते," काका म्हणाले.

"काय?"

"अकरावी ओळ. खोडा. मोबाईलची वायर आणलीय ना? जोडा. आत्ताच करू."

सिस्टरांनी वायर जोडली. काका सांगत गेले तशी ओळ टाइप केली. मशीनने पासवर्ड मागितला. त्यांनी चार-पाच बटणं दाबली आणि थांबल्या.

"काका, कीबोर्ड गेला वाटतं. दाबतेय, पण काहीच उमटत नाही."

"उमटणार नाही. शेजारच्याला कळू नये म्हणून ठिपकासुद्धा दाखवत नाही ते. शेवटपर्यंत टाइप करा आणि एंटर दाबा."

"म्हणजे नुसता विश्वास ठेवायचा."

"तुमच्याच बोटांवर ठेवायचाय."

काकांची पाठीमागची बोटं आणखी घट्ट झाली. काळ्या खिडकीत अक्षरं सरसर धावली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर कोपऱ्यात वायफायची खूण आली. सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या, आणि मग त्यांनी सगळं सावकाश लिहून घेतलं.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी येऊ ना?"

"काय राहिलंय?"

सिस्टरांनी वहीत एकपासून चौदापर्यंत बोट फिरवलं. काकांनीही वाचलं. एकही पायरी गाळलेली नव्हती.

"तसं काही नाही राहिलं."

"मग कशाला? अभ्यास करा."

त्या गेल्या. काकांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, खाली येऊन वहीत आपली सही केली आणि पुढच्या शनिवारचा रकाना कोरा ठेवून किल्ली टेबलावर ठेवली.

ग्रंथपालबाईंनी वही पाहिली. "एक बाई आल्या होत्या ना वर?"

"आल्या होत्या. शिकून गेल्या." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "शिवणाच्या बाईंना सांगा, खिडकीजवळचा प्लग सैल आहे."

रस्त्यावर आल्यावर त्यांचे हात सवयीने पाठीमागे गेले, आणि घरापर्यंत तसेच राहिले. घरी जाऊन ते मोकळे करून करायचं तरी काय होतं?