दहाच्या दहा

कुरुळीच्या विहारात साक्षी दर रविवारी पोरांना चाल बांधायला शिकवायची. पेटी नाही, तबला नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढं हात हलवला की स्पीकरमधून सूर निघायचे, प्रत्येक बोटाचा वेगळा. तिचे वडील साहेबराव आज पहिल्यांदाच बघायला आले होते, तेही नाक मुरडत. हवेत हात हलवून कुठं गाणं होतं का?

"बाबा, या पुढं. उजवा हात हलवा," साक्षी म्हणाली.

साहेबरावांचे दोन्ही हात उठले.

"एकच, बाबा."

पुन्हा दोन्ही. पोरं खिदळली, तसे साहेबराव भडकले.

"हसता काय रे? अठ्ठावीस वर्षं कंपनीत पत्रा दाबायची प्रेस चालवली मी. दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे साच्याखाली हात राहत नाही. टार्गेटच्या घाईत ज्यांनी एक बटण टेप लावून दाबून ठेवलं, त्यांची बोटं गेली. मी नाही लावली टेप."

साक्षीनं स्पीकरचा आवाज वाढवला. "तसंच करून दाखवा, बाबा."

पत्रा उचल, ठेव, दाब, काढ. उचल, ठेव, दाब, काढ. स्पीकरमधून ठेका घुमला, तसूभरही न ढळणारा.

"आज याच ठेक्यावर चाल बांधायची," साक्षीनं पोरांना सांगितलं.

साहेबरावांनी कॅमेऱ्यापुढं दोन्ही पंजे पसरले. पडद्यावर बोटागणिक एकेक ठिपका उजळला, सगळे सूर एकदम वाजले.

"मोजा," ते म्हणाले.