जोसेटची धुराची खोपटी

मित्रांनो, मी मासे धुरावर सुकवण्याची एक जुनी लाकडी खोपटी आहे. कॅनडात, थॉम्पसन नदीच्या काठी, सेक्वेपम या तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनीवर, जोसेटच्या घरामागे मी उभी आहे. माझ्या फळ्या काळ्या पडल्या आहेत. त्याची मला लाज वाटत नाही.

बावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्याच उन्हाळ्यात, जोसेट आणि लेस्टरने मला उभारले. तो फळ्या ठोकायचा, ती फटी बुजवायची. सॅमन मासे नदी चढून आले की माझ्या आढ्याला लाल तुकड्यांच्या रांगा लागत. विस्तव मंद ठेवायचा, पण विझू द्यायचा नाही, हे काम जोसेटचे. पहिली काडी लावण्याआधी ती नदीचे आभार मानायची. शेजारणी म्हणायच्या, "जोसेटचा मासा खाल्ला की अर्धी थंडी पळते!" तेव्हा माझा ऊर भरून येई.

पुढे लेस्टर शहरात रमला. घटस्फोट झाला. आमच्याकडे जमीन बाहेरच्यांना विकता येत नाही. कोणी कुठे राहायचे याचा कागद गावचे मंडळ देते. त्यावर नाव होते एकट्या लेस्टरचे.

तो म्हणाला, "कागद माझा, म्हणजे घर माझं. तू शिवणयंत्र घे, जुनी गाडी घे आणि आईकडे जा."

"गाडी तुलाच राहू दे," जोसेट म्हणाली. "चढ दिसला की तीही माघार घेते. मी घर मागणार. कोर्टात मागणार."

तिने वकिलाला यादी दिली. घर, शेगडी, होडी, जाळी. मला मात्र विसरली. आपल्या हातांची नोंद कोणी करते का? लेस्टरच्या यादीत मी होते: 'मोडकी पडवी, पाडणे.'

खटला चालला ती दोन वर्षे मी थंड पडले. एक फळी निखळली, आढ्याला कोळिष्टके लोंबू लागली. जोसेट आईकडे राहत होती, तरी रोज सकाळी कुंपणापाशी येऊन नदीचे आभार मानायची. पावसातसुद्धा.

मग न्यायाधीशांनी गावच्या मंडळाचे मत मागवले. मंडळातर्फे मिनर्वा आजी दोघांना घेऊन परसात आल्या.

"ही पाडायची म्हणतोस, लेस्टर?"

"पडवीच आहे की, आजी. इथे गाडी लावीन."

"बरं. हिच्यात लाकूड कोणतं जाळतात, सांग बघू."

लेस्टरने डोके खाजवले. "पाइन. ढीगभर पडलंय की."

"अरे बाळा! पाइनच्या धुरानं मासा कडू होतो. वीस वर्षं नुसता खातच होतास का रे?"

"आल्डर," जोसेट शांतपणे म्हणाली. "साल काढलेलं. आणि वारा नदीवरून आला की खालची फट बुजवायची."

आजींनी माझ्या फळीवर हात ठेवला. "कागदावर कोण आहे ते वाचलं होतं. इथं राहत कोण होतं, ते आत्ता कळलं."

कोर्टातही त्यांनी तेच सांगितले. आता कागद जोसेटच्या नावावर आहे. लेस्टरच्या वाट्याची किंमत ती हप्त्याने देते. कष्टाने, पण वेळेवर.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा, निखळलेली फळी वेळीच ठोका. पण तुम्ही मोठे होऊन घर मांडाल, तेव्हा भिंती उभारण्याआधी एक काम करा. कागदावर दोघांची नावे लिहा. भांडण होईपर्यंत थांबू नका, गोडी असतानाच लिहा.