डोंगर चढणारी नदी

शेवटची भट्टी उघडली, तेव्हा तिला आनंदबिनंद काही झाला नाही. सुटले एकदाची, एवढंच वाटलं. इस्पितळात रुग्णांचे नातेवाईक ताटकळत बसतात त्या दालनाच्या भिंतीसाठी ती मातीची दरी घडवत होती. कड्यांचे थर, उतारावरची खुरटी झुडपं, तळातून वळत गेलेली नदी, सगळं सुट्या तुकड्यांत भाजून नंतर भिंतीवर जोडायचं. तिने तुकडे पुसून खोक्यांत भरले आणि तिथेच फतकल मारली. खांदा ठणकत होता.

"आटोपला का चिखलाचा संसार?" नणंदेने दारातून विचारलं.

थोरली नणंद मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. भाऊ गेल्यावर ती वहिनीकडेच राहायला आली. या कामाला तिने कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट. घरभर उमटणाऱ्या मातीच्या पावलांवरून मात्र रोज तोंड सोडायची.

तुकडे बसवायचे त्या दिवशी वहिनीला खांद्यामुळे उठवेना. कुठला तुकडा कुठे लावायचा याचा नकाशा मिस्त्रीकडे होताच. दोघी इस्पितळात पोचल्या तेव्हा काम संपलं होतं, मिस्त्री हत्यारं आवरत होता आणि मोठे डॉक्टर कौतुकाने मान डोलवत होते.

वहिनीने वर पाहिलं. मधली उभी रांग उलटी लागली होती. तळातली नदी वळण घेऊन थेट कड्यावर चढत होती.

"छान बसवलंय," ती म्हणाली आणि बाकावर टेकली.

नणंद भिंतीसमोर उभी राहिली. "ही आमच्या माहेरची दरी ना गं?"

"हो."

"मग नदी डोंगर कशी चढतेय?"

"राहू द्या ना ताई. कुणाला कळतंय? माझ्यात आता त्राण नाही."

"मला कळतंय. लग्न होऊन आलीस, तेव्हा त्या कड्यावर मीच नेलं होतं तुला. चक्कर येते म्हणून माझा पदर धरून उभी होतीस." तिने पर्स वहिनीच्या मांडीवर ठेवली. "तू बस. मी बघते." मग वर्गावर टाकावा तसा आवाज टाकला, "अहो मिस्त्री, ही रांग उतरवा!"

मिस्त्रीचा चेहरा पडला. "बाई, अख्खा दिवस गेला हो यात."

"तुमचा दिवस गेला, हिचं वर्ष गेलंय."

"असंही वेगळं दिसतंय की," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"दिसू दे. पाणी खालीच जातं."

मिस्त्रीने आवरलेली हत्यारं पुन्हा बाहेर काढली. स्क्रू निघाले. ती बाकावरूनच बोटाने दाखवत राहिली, हा इकडे, तो खाली. उतरवताना एका झुडपाचा टवका उडाला. मिस्त्रीने जीभ चावली. तिने नुसता हात हलवला, असू दे.

दिवे लागायच्या सुमारास नदी तळाला आली. नणंद धपकन शेजारी बसली. भिंत न्याहाळून म्हणाली, "आमचं घर दिसत नाही कुठे?"

"नाही घातलं. माणसांचं काहीच नाही घातलं."

"बरं केलंस. तेवढंच झाडायला कमी."

तिला हसू फुटलं. हसताना खांद्यातून कळ आली, तरी ते थांबेना. नणंदेने पर्स उचलली, दुसऱ्या हाताने तिला दंडाला धरून उठवलं आणि दोघी सावकाश दाराकडे निघाल्या.