उपकारस्तुतीचा रविवार

द्रोणागिरीतल्या एका शाळेच्या भाड्याच्या सभागृहात दर रविवारी ती लहानशी ख्रिस्ती मंडळी जमत असे. तिच्यात एक जुना रिवाज होता. घरातले माणूस मरणाच्या दारातून परत आले, की कुटुंबाने उपासनेत पुढे उभे राहून देवाची उपकारस्तुती करायची, काय घडले ते साऱ्यांना सांगायचे आणि मागाहून सर्वांना जेवू घालायचे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या अरविंद साळव्यांनी हा रिवाज इतरांकडून काटेकोरपणे पाळून घेतला होता. या रविवारी पाळी त्यांचीच होती.

महिन्यापूर्वी जासईजवळच्या यार्डात, उचललेला रिकामा कंटेनर निसटून खाली आला आणि मिथुन नावाचा तरुण कामगार त्याच्याखाली सापडून जागच्या जागी गेला. त्याच्यासोबत काम करणारा साळव्यांचा मुलगा निशांत त्या क्षणी, बापाचा फोन आला म्हणून, गोंगाटापासून दूर सरला होता. कंटेनरची कड लागून निशांतचा खांदा मोडला, पण जीव वाचला. त्या फोनला काहीच कारण नव्हते. जेवता जेवता साळव्यांना एकाएकी मुलाचा आवाज ऐकावासा वाटला, इतकेच. इस्पितळात जो भेटेल त्याला ते भरल्या डोळ्यांनी सांगत राहिले, की प्रभूनेच मला फोन करायला सुचवले. ते वाक्य मंडळीत घरोघर पोहोचले. मिथुनची आई मालतीबाई याच मंडळीतली, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानात राहिले नाही; साळव्यांच्याही नाही.

शनिवारी ते तिला जेवणाचे आमंत्रण द्यायला गेले. शेवगावकडून पोटासाठी आलेली ही विधवा चाळीच्या एका खोलीत राहत असे. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि समोर भुईवर बसली.

"भाऊ, एक इचारू?" ती म्हणाली. "फोन तर माज्याजवळबी हाय. पोरासाठी रोज पहाटे गुडघं मीबी टेकत व्हते. मंग त्यानं तुमाला सुचवलं, मला का न्हाई सुचवलं?"

देव चांगला, तर जगात दुःख का, हा विषय साळवे तरुणांच्या वर्गाला वर्षानुवर्षे शिकवीत आले होते, आणि वादात त्यांचा हात धरणारा मंडळीत कोणी नव्हता. त्यांनी सवयीने सुरुवात केली. देवाने माणसाला मोकळीक दिली आहे, त्या मोकळिकीतून हलगर्जीपणा येतो, यार्डातल्या क्रेनचा हुक गंजला होता हा दोष माणसांचा.

"हुक गंजला व्हता ह्ये मलाबी कळतंय," मालतीबाई शांतपणे म्हणाली. "हुकाचं मी देवाला इचारतच न्हाई. मी फोनचं इचारते."

माणसाच्या मोकळिकीला देव हात लावत नाही, हे उत्तर भक्कम होते. पण साळव्यांच्या बाबतीत फोन सुचवून त्याने हात लावला, असे तर त्यांनीच गावभर सांगितले होते.

उद्या मी येईन, असे तिने त्यांना निरोप देताना सांगितले. "पन त्ये फोनचं वाक्य तिथं ऐकलं, तर मला उठावं लागंल. आन् एकदा उठले, की परत त्या दारात पाय ठिवनं हुनार न्हाई."

घरी आल्यावर साळव्यांनी पत्नीला, अरुणाबाईंना, फोनचा उल्लेख गाळणार असल्याचे सांगितले. त्या उसळल्या. देवाने केलेले झाकून ठेवणे ही कृतघ्नता, असे त्यांचे म्हणणे पडले. "आपला मुलगा जिवंत आहे, याचीही आता लोकांकडे माफी मागायची का?" त्यांनी विचारले. निशांत गळ्यात अडकवलेला हात सावरीत उठला आणि आतल्या खोलीत निघून गेला. साळवे बधले नाहीत. आभार मानायचे, पण कारण सांगायचे नाही, अशी मोजूनमापून केलेली वाक्ये ते मनात घोकत राहिले.

रविवारी मालतीबाई नेहमीच्या जागी, भिंतीकडच्या बाकावर बसली होती. साळवे पुढे गेले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माईक त्यांच्या हाती देण्याआधी, कौतुक न आवरून, स्वतःच बोलायला सुरुवात केली. "आपल्या साळवेसाहेबांचा तो फोन तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रभूने नेमक्या क्षणी सुचवले!" सभागृहात हालेलुयाचा गजर झाला.

मालतीबाई उठली. घाई न करता, कोणाकडे न पाहता, ती दाराबाहेर गेली.

माईक आता साळव्यांच्या हातात होता. अरुणाबाई पहिल्या बाकावरून नजरेने त्यांना बोला म्हणत होत्या. आपणच पेरलेले वाक्य आता आपल्याला उपटता येत नाही, हे साळव्यांना लख्ख कळले. त्यांनी माईक मेजावर ठेवला आणि ते तिच्या मागोमाग बाहेर पडले.

ती पायरीवर बसून चप्पल घालत होती.

"मला उत्तर ठाऊक नाही, मालतीबाई," ते म्हणाले. "क्रुसावर प्रभूनेही 'देवा, मला का सोडलेस' म्हणून विचारले होते. वरून काही आवाज आला नाही. याच्यापलीकडे माझ्याजवळ काही नाही."

तिने वर पाहिले. "पन तो तिसऱ्या दिवशी उठला. माज्या मिथुनचा तिसरा दिवस कवाच गेला, भाऊ."

यालाही एक उत्तर होते. शेवटच्या दिवसाचे, सर्व मृतांच्या उठण्याचे; साळव्यांचा त्याच्यावर मनापासून विश्वास होता, आणि ते त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिचा एक पाय चपलेत होता, दुसरा उघडाच राहिला. आतून पाळकसाहेबांनी माईकवर त्यांचे नाव पुकारले. मग पुन्हा पुकारले. साळवे उठले नाहीत.