कोणता पाय

फौजी घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं, आणि मास्तरांना नेमकं तेच खुपलं.

मास्तर म्हणजे त्याचे वडील. बाजाराच्या रस्त्यावर हार्डवेअरच्या दुकानाला लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलगा सैन्यात गेल्यापासून मास्तर माप कमी घेतात आणि पोराचं कौतुक जास्त ऐकवतात, असं गिऱ्हाइकं गमतीनं म्हणत. लढाई पेटली तेव्हा तर त्यांची छाती इतकी फुगली, की स्वतःचाच शर्ट उसवून मोठा करावा लागेल, असं हार्डवेअरवाला म्हणाला होता. मास्तरांनाही ते आवडलं होतं.

मग मिलिटरी हॉस्पिटलातून निरोप आला आणि मास्तर मुलाला आणायला गेले. डॉक्टर म्हणजे एक थकलेली बाई होती. तिनं त्यांना खुर्ची दिली.

"जखम मनाला आहे," ती म्हणाली. "कित्येक दिवस तोफांच्या माऱ्याखाली होता. खंदकातला जोडीदार याच्या मांडीवर गेला. सकाळी पुढे निघायचा हुकूम झाला, तेव्हा हा उठला नाही. पळाला नाही, लक्षात घ्या. उठता आलं नाही."

मास्तरांना तेवढंच ऐकू आलं, की उठला नाही.

परतीच्या बसमध्ये मुलगा खिडकीशी बसला होता. हात मांड्यांखाली दाबून धरले होते, कारण मोकळे सोडले की थरथरत. गाव जवळ आलं तसे मास्तर त्याच्या कानाशी वाकले.

"कुणी विचारलं तर पायाला गोळी लागली म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. थोडं लंगडायचं, बस."

मुलानं खिडकीतून नजर वळवली. मग वरिष्ठाला विचारावं तसं त्यानं विचारलं, "कोणत्या पायाला?"

"डाव्या," मास्तर म्हणाले.

आईनं दारातच त्याला जवळ घेतलं. तो लंगडत आत आला तशी ती खाली बसली आणि त्याची विजार गुडघ्यापर्यंत वर सरकवली. मग दुसऱ्या पायाची.

"अहो, ह्याच्या पायाला काय झालंय?"

"काही नाही."

"मग लंगडतो कशाला?"

मास्तर बूट काढत राहिले. तिला कळायला वेळ लागला नाही. "धडधाकट पोराला पांगळं केलंत," ती म्हणाली, "आणि तेही चार लोकांसाठी."

पण ती चार लोकांसमोर बोलली नाही. मास्तर रोज त्याला दुकानात नेऊन बसवू लागले. लोक येत, खांद्यावर थाप मारत. थाप पडली की तो दचके, आणि मास्तर हसून म्हणत, "जखम ओली आहे अजून." गोळी कशी लागली तेही मास्तरच सांगत. सांगता सांगता त्या गोष्टीत एक टेकडी आली, मग धुकं आलं. मुलगा शेजारी मान खाली घालून बटणं निवडत बसे. लाल बटणं लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. थरथरत्या बोटांतून ती सांडत, तो पुन्हा वेचे.

एका दुपारी मास्तर मुलाला घेऊन जेवायला घरी आले होते. हात पुसत असताना स्वयंपाकघरातून मुलाचा आवाज आला. तो आईशी बोलत होता.

"तो पाणी मागत होता, आई. गवई म्हणायचो आम्ही त्याला, सारखा गुणगुणायचा म्हणून. पोटात लागलं की पाणी द्यायचं नसतं, शिकवलंय आम्हाला. मी नाही दिलं. बाटली भरलेली होती. तो तसाही जाणारच होता गं. मी नाही दिलं."

भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांनी आत जायला हवं होतं. त्यांनी चपला घातल्या आणि ते दुकानाकडे चालू लागले. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय आमचा वाघ?" मास्तर म्हणाले, "मजेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. दुकानात निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. कोटासाठी आणलेलं करडं कापड कटिंगच्या टेबलावर पसरलेलं होतं आणि मास्तर त्यावर खडूनं रेघ ओढत होते. शेजारच्या हार्डवेअरच्या शटरची स्प्रिंग तुटली, आणि ते वरून खाली धाडकन आदळलं.

मास्तर मान वर करेपर्यंत मुलगा दोन्ही पायांनी झेपावला होता. त्यानं बाईंना कमरेला धरून टेबलाखाली ओढलं आणि त्यांच्यावर आडवा पडला. "डोकं खाली! डोकं खाली ठेवा!" तो ओरडत होता.

रस्त्यावरची माणसं दारात जमली. शटर पडलंय हे सगळ्यांना दिसत होतं. हार्डवेअरवाला कपाळ पुसत आला, टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे वा! फौजीचा पाय तर एकदम बरा झाला!"

लोक हसले.

मास्तरही हसले.

आपण का हसलो, हे त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं. चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं काहीतरी ते होतं. पण ते हसले, आणि टेबलाखालून मुलानं त्यांच्याकडे बघितलं.

सगळ्यांना गप्प केलं ते बाईंनी. त्या फरशीवर तशाच पडून राहिल्या, चष्मा एका कानाला लोंबकळत होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "झालं हं. शटर होतं ते. झालं, बाळा." मग दाराकडे बघून, वर्गात बोलत तशा आवाजात, "घरी जा सगळे."

मुलाची विजार भिजली होती. फरशीवर ओघळ आला होता.

"मास्तर, ते कापड द्या," बाई म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाचं आहे ते," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"माझंच आहे. द्या."

त्यांनी ते करडं कापड मुलाच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि त्याला हाताला धरून मागच्या दारानं घरी नेलं. मास्तर खडू हातात घेऊन उभे होते. नंतर त्यांनी स्वतः फरशी पुसली. पुन्हा पुन्हा पुसली.

संध्याकाळी मुलगा अंथरुणावर भिंतीला टेकून बसला होता. मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"माझं चुकलं रे," ते म्हणाले.

"नाही बाबा. मीच विसरायचो. सकाळी उठलं की आठवावं लागायचं, कोणता पाय." त्यानं चादर गुडघ्यांवर ओढली. "वाटायचं, निदान एवढं तरी आपल्याला नीट जमावं."

मास्तरांना त्याच्या पायावर हात ठेवायचा होता, पण ते धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा सरळ चालू लागला. मास्तरांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगायचं ठरवलं आणि पहिल्या माणसापुढेच शब्द अडकले. मग हार्डवेअरवाल्याला सांगून टाकलं, म्हणजे सगळ्या बाजाराला कळलं. काही जण यायचे बंद झाले. काहींनी ओशाळून नुसतीच मान हलवली. हार्डवेअरवाला नवीन शटर बसवताना मजुरांना म्हणत होता, "हळू रे, हळू," आणि त्यानं मास्तरांकडे बघायचं टाळलं.

बाईंचा कोट मास्तरांनी नव्या कापडाचा शिवला. त्या पैसे ठेवून गेल्या.

आता मुलाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. तो आत डॉक्टरांशी बोलतो आणि मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसतात. मुलगा आत काय सांगतो ते त्यांना माहीत नाही. कधी बाहेर येतो तेव्हा डोळे सुजलेले असतात, कधी त्याला नुसता चहा हवा असतो. रात्री तो अजून ओरडत उठतो. आई त्याच्यापाशी जाते. मास्तर उठून दारापर्यंत जातात.

परवा बाकावर शेजारी एक म्हातारा होता, सुनेला घेऊन आलेला. त्यानं सहज विचारलं, "तुमच्या मुलाला काय झालंय?"

"लढाईवर होता," मास्तर म्हणाले. "तिथं फार बघितलं त्यानं. मनाला लागलंय."

म्हातारा म्हणाला, "काय? नीट ऐकू नाही आलं."

आपला आवाज इतका खाली गेला होता, हे तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि सांगताना डोळे मात्र बंद दाराकडे होते, आत ऐकू जातंय का म्हणून.