उजाडलं का?

"शिव्या देऊन झाल्या असतील तर आता तक्रार लिहायला घे," गामालिएल फोनवर म्हणाला. तोही अ‍ॅपच बनवायचा, पलीकडच्या शहरात.

ओरिएता भडकलीच. "चार वेळा लिहिलीये! आता काय त्यांच्या दारात डोकं आपटू?"

"ती तक्रार नव्हती बाई, तमाशा होता. 'लाज वाटत नाही का' हे वाचून कोण काय दुरुस्त करणार? वर तेच सगळं चव्हाट्यावर मांडलंस. लोकांनी टाळ्या पिटल्या. अ‍ॅप आलं का परत?"

कुठलं यायला!

चिलीतल्या चिलोए बेटावरच्या त्या खाडीत घरं मोजकी, आणि बरीचशी एकट्या म्हाताऱ्यांची. पोरं कामधंद्याला दूर गेलेली. मागे एक आजोबा घरातच गेले, आणि चिमणीतून धूर निघत नाहीये हे कुणाच्या ध्यानात यायला आठवडा लागला. तेव्हा ओरिएतानं हे अ‍ॅप केलं. सकाळी उठलं की एकच बटण दाबायचं, 'उजाडलं'. दुपारपर्यंत नाही दाबलं, तर तुमच्या माणसांच्या फोनवर घंटा वाजते. बस, एवढंच. आणि अ‍ॅपच्या दुकानवाल्यांनी ते काढून टाकलं होतं. कारण काय, तर 'यात काहीच दिसत नाही, रिकामं आहे.' रिकामं म्हणे!

नेमका त्याच आठवड्यात लास्तेनियामावशीचा फोन शिंपल्यांच्या बादलीत पडला. लेकीनं नवा पाठवला, पण त्यात अ‍ॅप जाईना. मावशीचं हृदय दुबळं, घर पार टोकावर. फोन करावा तर तिला ऐकू येत नाही. म्हणून ओरिएता रोज सकाळी पावसात चिखल तुडवत जायची.

"मेले नाही गं अजून," मावशी दारातूनच ओरडायची. "आलीच आहेस तर बटाट्याचा मिल्काओ खा, गरम आहे. किती वाळलीस! तुझ्याकडे बघायला कोणी आहे की नाही?"

"मी आहे ना मला!" ओरिएता तिच्या कानाशी ओरडायची आणि निघायची.

"एक सांग," गामालिएल फोनवर पुढे म्हणाला, "तपासणारा माणूस तुझं अ‍ॅप उघडतो, तेव्हा त्याला काय दिसतं? पाहिलंयस कधी?"

नव्हतं पाहिलं. ओरिएतानं फोन ठेवला आणि स्वतःचं खातं उघडलं. आई गेल्यावर त्यातून आईचं नाव काढलं होतं, त्यानंतर ते उघडलंच नव्हतं. पडद्यावर एक ओळ होती: 'तुमची माणसं: अजून कोणी नाही.'

ती ओळ तिनंच लिहिलेली. तपासणारा माणूस खोटं बोलत नव्हता. अख्ख्या खाडीला माणसं जोडून दिली, आणि आपल्या नावापुढे कोणी नाही!

मग तिनं पाचवी तक्रार लिहिली. 'एकट्यानं उघडलं तर हे अ‍ॅप रिकामंच दिसतं. ते मी सांगायला हवं होतं, चूक माझी. इथे दोन माणसं लागतात, एक बटण दाबणारं आणि एक वाट बघणारं. तुमच्यासाठी "तपासनीस" नावाचं खातं काढून माझ्या खात्याला जोडलंय. रोज सकाळी मी दाबेन, तुम्हाला दिसेल. आमच्याकडे एका म्हातारीच्या नव्या फोनात हे जात नाही. तिला हृदयाचं दुखणं आहे आणि ती एकटी राहते.' शिवी एकही नाही. तिला ते अगदीच मिळमिळीत वाटलं, तरी पाठवलं.

रोज ती बटण दाबत राहिली. उत्तर नाही. पावसातल्या फेऱ्या चालूच होत्या. शेवटी व्हायचं तेच झालं, तापानं गाठलं. एका सकाळी तिला उठवेना. शेगडी विझलेली, पाणी द्यायलाही कोणी नाही. दुपार उलटल्यावर उशाशी फोन वाजला.

'तुमची तक्रार माझ्याकडे आहे. आज घंटा वाजली. आधी वाटलं, चाचणीच असेल. पण तसं तुम्ही कळवलं नव्हतं. हे माझ्या कामात बसत नाही, तरी विचारतो. बऱ्या आहात ना?'

ओरिएता ढसाढसा रडली. आई गेल्यापासून असं कोणी विचारलंच नव्हतं. मग ती भिंतीला धरून खिडकीपाशी गेली. पाऊस उघडला होता म्हणून दिसलं, टोकावर मावशीच्या चिमणीतून धूर निघत होता. तिनं बटण दाबलं आणि लिहिलं, 'ताप आहे. पण उजाडलं.'

संध्याकाळी अ‍ॅप परत आलं. खाली छापील मजकूर होता: 'तक्रार निकाली काढली आहे. या संदेशाला उत्तर देऊ नये.' आभाराच्या दोन ओळी तिनं लिहून ठेवल्या होत्या. त्या पाठवायला जागाच उरली नव्हती.

उतार पडल्यावर तिनं मावशीच्या फोनात अ‍ॅप घातलं. मावशीनं तिच्या फोनात डोकावून विचारलं, "आणि हा तपासनीस कोण गं?"

"माहीत नाही," ओरिएता म्हणाली.

काम झालं होतं, ते खातं आता काढून टाकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यासाठीच फोन हातात घेतला. तपासनीसाच्या नावापुढे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शब्द उमटला होता: 'उजाडलं.'

त्या खात्याला तिच्याशिवाय दुसरं कोणीच जोडलेलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, खातं तिनंच काढलेलं. तिनं नाव तसंच ठेवलं आणि आपलं बटण दाबलं.