ढिल्या टेपची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, शिवणकामाची. पिवळ्या कापडाची, दोन्ही टोकांना पितळी पत्रा, एका अंगाला साठ इंच आणि दुसऱ्या अंगाला दीडशे सेंटिमीटर. मला जुनी म्हणा, मळकी म्हणा, ढिली म्हणा. हे सगळे खरे आहे, त्यामुळे राग येण्याचा प्रश्नच नाही. पण कुणी मला खोटी म्हणाले, तर गाठ माझ्याशी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांबलचक पट्टीवर रंग चढला, काळ्या रेघा छापल्या गेल्या आणि कात्रीने माझ्यासारख्या शंभर बहिणी वेगळ्या केल्या. शेवटी एका टेबलावर चष्मेवाली बाई बसली होती. तिने मला पोलादी पट्टीशेजारी सरळ ठेवले, नाक लावून रेघ न् रेघ पाहिली आणि म्हणाली, "बरोबर." त्या एका शब्दावर मी आजवर मान ताठ ठेवून जगले आहे.

तिथून मी आले माझ्या मालकिणीच्या गळ्यात. ती कपडे शिवते. तिचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापायचे टेबल, दोन मशीन, इस्त्री आणि खिडकीत रंगीत रिळांची रांग. सकाळी चहा व्हायच्या आधी ती मला गळ्यात टाकायची आणि निजायच्या आधी खिळ्याला अडकवायची. अकरा वर्षे मी लोकांच्या छात्या, कंबरा, मनगटे मोजली. पोट आत ओढून उभे राहणारे किती पाहिले म्हणून सांगू. मी मात्र जे आहे तेच सांगितले. "तुमच्या हातचं माप म्हणजे माप," असे लोक मालकिणीला म्हणायचे, तेव्हा ती नकळत माझ्यावरून बोटे फिरवायची. ते मला फार आवडायचे.

मालकिणीला मुलगी झाली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिला माझ्याशेजारी निजवले. चव्वेचाळीस सेंटिमीटर. तिचे बाबा गाड्या दुरुस्त करतात, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची खोड आहे. ते म्हणाले, "ही तर पाऊणच आली. उरलेली पाव मागून येणार वाटतं." तेव्हापासून पोरीचे नावच पाऊण पडले. लहानपणी ती त्या हाकेला धावत यायची. पुढे शाळेत वर्गात सगळ्यात पुढे उभी राहायला लागल्यावर तिला ती हाक टोचू लागली.

आता माझ्या अपमानाची गोष्ट सांगते. एका बँडमास्तरचा कोट शिवायला आला होता. मालकिणीने त्याची छाती माझ्याने मोजली. कापताना मात्र मी इस्त्रीखाली कुठेतरी दबले होते, म्हणून तिने कापड लाकडी पट्टीने आखले. कोट झाला. बँडमास्तरने तो घातला, आरशात पाहिले, खूश झाला आणि सवयीने फुंकर मारायला छातीभर श्वास घेतला. मधले बटण तुटून थेट पाण्याच्या तांब्यात पडले. मालकिणीने मला ओढून पट्टीला लावले. माझी दीडशेची रेघ पट्टीच्या एकशे बावन्नवर येत होती. मी दोन सेंटिमीटर ताणले गेले होते.

त्याच संध्याकाळी गुलाबी रंगाची नवी टेप आली आणि मी चिंध्यांच्या गाठोड्याला बांधायची दोरी झाले.

मी विचारते, यात माझा काय दोष? अकरा वर्षे एका टोकाने खिळ्याला लटकवायचे, वरून गरम इस्त्री फिरवायची, गाठी मारायच्या, आणि वर म्हणायचे की ही ताणली. बरे, ताणले तरी मी लहरी नाही. आज दोन आणि उद्या पाच असे माझे नाही. हाच कोट माझ्यानेच मापून कापला असता, तर बँडमास्तर आजही आरामात वाजवत असता. पण गाठोड्याचे कोण ऐकतो?

मला त्या गाठोड्यातून सोडवले पाऊणने. त्यामागेही एक अपमानच होता. मागच्या वर्षी ही मंडळी एका मोठ्या थीम पार्कला गेली होती. तिथल्या सगळ्यात उंच रोलर कोस्टरपाशी लाकडी अस्वल उभे होते. अस्वलाने एक पंजा पुढे केलेला आणि खाली पाटी: उंची एकशेवीस सेंटिमीटर, डोके पंजाला लागले तरच आत. पाऊणचे डोके लागले नाही. तिच्या मागचा पोरगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान होता, तो आत गेला. ती घरी आली ती आतल्या आत धुमसतच. नवी टेप आईच्या गळ्यात असायची, म्हणून तिने मला ओढून काढले, धुतले आणि दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीला पाठ लावून मला उभी धरू लागली.

"ती ढिली आहे गं," मालकीण म्हणाली.

"मग नवी दे."

"राहू दे. हीच वापर. हिच्यावर एकशेवीस भरलीस, की पुढचं मी बघते."

वर्षभर आम्ही दोघी त्या चौकटीपाशी उभ्या राहिलो. चौकटीवर खडूच्या रेघा वर वर सरकत गेल्या. आणि एका महिन्यात माझ्यावर एकशेवीस आणि वर दोन बारीक रेघा भरल्या. पाऊणने मला गालाला लावले.

पुन्हा त्याच थीम पार्कच्या सहलीची तयारी सुरू झाली, तेव्हा मालकिणीने बॅगेत काय काय भरले ते ऐका. कपडे वाळत घालायचे चिमटे. सेफ्टी पिनांची माळ. अंघोळीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. बाबा एकेक वस्तू उचलून बघत होते.

"अगं, आपण फिरायला चाललोय की दुकान थाटायला?"

"हसा. मग तिथे मागायला येऊ नका."

तेवढ्यात पाऊणने मला गुंडाळून वर ठेवले. बाबांनी कपाळाला हात लावला. "ही कशाला? झोपाळ्यांना झबली शिवायचीत?"

पहिल्या दिवशी बाकी सगळ्यांचे नशीब फळफळले. लॉजच्या खोलीतला पडदा बंद होत नव्हता, तिथे चिमटे लागले. बाबांच्या चपलेचा पट्टा तुटला, तो सेफ्टी पिनेने सांधला. पाण्याच्या खेळात बूट टोप्यांमध्ये कोरडे राहिले, आणि काळ्या पिशवीला भोके पाडून बाबांनी तिचा सदरा केला. दुपारच्या उन्हात तर फवाऱ्याच्या बाटलीसाठी अनोळखी पोरे रांग लावून तोंडे पुढे करत होती. बाबा सगळ्यांना सांगत होते, "सामान मी भरलं." मी बॅगेच्या तळाशी पडून हे सारे ऐकत होते. माझी कुणी आठवण काढली नाही. मी म्हटले, काढतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्वलापाशी आलो. गेटवर एक बाई उभी होती, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. पाऊण ताठ उभी राहिली. तिच्या डोक्यात आणि पंजात करंगळीच्या नखाएवढी फट राहिली.

"थोडीशी कमी आहे," बाई म्हणाली. "पुढच्या वर्षी या."

"मागच्या वर्षीपण तुम्ही हेच म्हणाला होतात."

"मग बाळा, मी काय करू? नियम आहे. तुझ्याच भल्यासाठी आहे."

"नियम मला मान्य आहे," पाऊण म्हणाली. "पण मी एकशेवीस आहे."

मागे रांग चुळबुळायला लागली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, जाऊ दे. तुला आइस्क्रीम घेऊन देतो. दोन घे."

"मला आइस्क्रीम नकोय. मला मोजा."

ती जागची हलली नाही. मालकिणीने बॅग उघडली, चिमटे बाजूला सारले आणि मला बाहेर काढले. रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणाले, "आता इथेच कपडे शिवणार की काय." मी म्हणते, हसा. मी बँडमास्तरला भ्याले नाही, तर तुम्हाला काय भिणार?

पाऊणने चपला काढल्या आणि बाजूच्या खांबाला पाठ लावली. मालकिणीने तिच्या डोक्यावर कंगवा आडवा धरला आणि मला जमिनीपासून वर धरले. एकशेवीस आणि दोन रेघा. मग तिने मला अस्वलासमोर धरले, पोरे उभी राहतात तिथपासून पंजापर्यंत. एकशे एकवीस आणि चार रेघा. तिने ते गेटवरच्या बाईला दाखवले. बाईने शिट्टी वाजवून फोरमनला बोलावले.

फोरमन आला. करडा गणवेश, कानावर पेन्सिल. त्याने मला दोन बोटांत धरून हलकेच ओढले आणि हसला. "ताई, तुम्ही शिवणकाम करता ना? मग तुम्हाला माहीत हवं. कापडी टेप ताणते. हिच्यावर काय विश्वास ठेवायचा?"

मालकीण उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच पाऊण म्हणाली, "हो, ताणलीय. दोन सेंटिमीटर."

बाबांनी डोळे मिटून घेतले. खरे सांगते मित्रांनो, मला ते लागले. जिच्यासाठी वर्षभर उभी राहिले, तिनेच भर रांगेत माझे उणे काढले.

पण ती थांबली नव्हती. "ताणली म्हणजे हिच्या रेघा लांब लांब गेल्यात. मग माझ्या उंचीत रेघा कमी मावतात. ढिली टेप माणसाला कमीच दाखवते, जास्त नाही. हिने कमी दाखवूनसुद्धा मी एकशेवीस आहे, म्हणजे खरी त्याहून उंच आहे. आणि तुमचा पंजा हिने कमी दाखवूनसुद्धा एकशे एकवीसच्या वर आहे. पाटीवर तुम्ही एकशेवीस लिहिलंय."

फोरमनने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "हे तुला कुणी शिकवलं?"

"बँडमास्तरच्या कोटाने," पाऊण म्हणाली.

त्याला काही कळले नाही, पण तो वळला आणि वर्कशॉपमधून पोलादी टेप घेऊन आला. चकचकीत डबीतून ती सर्रकन बाहेर आली. तिचा तोरा बघण्यासारखा होता. आधी त्याने पाऊणला मोजले. एकशे एकवीस आणि आठ रेघा. मग अस्वलाचा पंजा. एकशे तेवीस. त्याने दोनदा मोजले, मग गुडघ्यावर बसला आणि खालच्या विटांवर हात फिरवला. अस्वलाचा खांब काँक्रीटमध्ये घट्ट होता, पण समोरच्या विटा चांगल्या दोन बोटे खाली बसल्या होत्या. इतकी वर्षे हजारो पोरे त्याच जागी उभी राहिली, टाचा दाबून, श्वास रोखून. त्यांच्याच पायांनी जमीन खाली गेली आणि पंजा वर राहिला.

रांगेत आता कुणी हसत नव्हते. गेटवरची बाई विटांकडे बघत राहिली. "म्हणजे मी इतके दिवस..." एवढेच ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले, पाऊणचा हात धरला आणि तिला स्वतः नेऊन पहिल्या डब्यात बसवले. पुढचा दांडा नीट बसलाय का ते तिने तीनदा ओढून पाहिले. फोरमनने तोवर विटांवर एक फळी टाकली, मोजून. सकाळी परत पाठवलेल्या दोन जुळ्या बहिणी कारंज्यापाशी तोंड पाडून बसल्या होत्या, त्यांना बोलवायला त्याने माणूस धाडला.

जाताना तो पोलादी टेप खिशात टाकून माझ्याकडे बघत मालकिणीला म्हणाला, "ढिली आहे, पण खोटं नाही बोलली." बस. चष्मेवाल्या बाईनंतर एवढ्या वर्षांनी मला कुणीतरी पास केले.

पाऊण खाली उतरली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि केस उभे होते. डब्यात तिच्या शेजारी बसलेले बाबा मात्र खांब धरून उभे होते, चेहरा पांढराफटक.

"पाऊण," ते कसेबसे म्हणाले, आणि लगेच थबकले. "नाही, आता तुला पाऊण कसं म्हणायचं?"

"म्हणा की," ती म्हणाली. "पण आधी मोजून म्हणा."

आता मी दुकानातच असते. माझ्यासाठी वेगळा खिळा आहे, आणि मालकीण मला एका टोकाने लटकवत नाही, मधोमध दुमडून ठेवते. भिंतीवर खडूने लिहिले आहे: दोन ढिली. मला त्याची लाज वाटत नाही. गुलाबी टेप कधीकधी त्यावर हसते. तिलाही खिळ्यावर काही वर्षे काढू द्या, मग बोलू.

मित्रांनो, मला जपा, माझी दया करा, असे मी म्हणणार नाही. तो माझा स्वभाव नाही. दुमडून ठेवा, गरम इस्त्री दूर धरा, एवढे पुरे. पण कुणी तुम्हाला कमी ठरवले, तर आइस्क्रीम घेऊन परत फिरू नका. चपला काढा, ताठ उभे राहा आणि म्हणा, मला मोजा. आणि दुसऱ्या कुणाला कमी म्हणायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी खाली वाका आणि त्याच्या पायाखालच्या विटा बघा.